फॅट कापण्याआधी गव्हाणीत डोकावा: दूध संघांच्या संचालकांना खुले पत्र

मा. अध्यक्ष व संचालक मंडळ,
महाराष्ट्रातील सर्व सहकारी व खासगी दूध संघ यांस

सप्रेम नमस्कार.

दुधाला फॅट कमी लागली की संकलन केंद्रावर दोन गोष्टी ठरलेल्या असतात. भाव कापला जातो, आणि जाता जाता सल्ला मिळतो, "पेंड वाढवा." भावाच्या कपातीबद्दल राज्यात पुष्कळ बोलून झालं, मोर्चे निघाले, दूध रस्त्यावर ओतून झालं. त्या सल्ल्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. मी पशुवैद्यक आहे, संकरित गायींच्या पट्ट्यात गोठोगोठी फिरतो, आणि हा सल्ला गायींना किती महागात पडतो ते रोज बघतो. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच आहे: फॅट घसरलेल्या बऱ्याच गोठ्यांत पेंड कमी पडलेली नसते. ती एकाच वेळी, रिकाम्या पोटी, चाऱ्याची जोड नसताना पोटात जात असते. गाय काय खाते याचा हिशोब आपण सगळेच ठेवतो. पोती मोजतो, मुरघासाचे, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचे, टन मोजतो. ती ते किती वेळा खाते, आधी काय आणि नंतर काय खाते, शेजारणीचे धक्के खात खाते की निवांत, याची नोंद ना शेतकऱ्याच्या वहीत असते ना संघाच्या. तिच्या पोटातल्या जिवाणूंचं मात्र सगळं यावरच अवलंबून असतं.

आपल्यापैकी बहुतेकजण गायी पाळतच मोठे झालेले आहेत, त्यामुळे पुढचं पटायला वेळ लागणार नाही. तरी मुळापासून सांगतो.

दुभत्या संकरित गायीचं कोटीपोट, म्हणजे तिच्या चार पोटांतलं पहिलं आणि सगळ्यात मोठं, 100 ते 150 लिटरचं असतं. त्यातल्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या वर जिवाणू असतात, शिवाय आदिजीव आणि बुरशी वेगळ्या. कडब्यातला तंतू गायीला स्वतःला पचवता येत नाही. ते काम हे जीव करतात. त्यांनी चारा आंबवला की ॲसिटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक अशी आम्लं तयार होतात आणि गायीची सुमारे 70 टक्के ऊर्जा या आम्लांतूनच येते. कासेत फॅट बनते ती मुख्यतः ॲसिटिक आम्लापासून. प्रोपिओनिकपासून यकृत साखर बनवतं, तिच्यातून दुधातली साखर, लॅक्टोज, होते आणि दुधाचे लिटर त्यावर ठरतात. तंतू पचवणाऱ्या जिवाणूंच्या कामातून ॲसिटिक जास्त मिळतं, पिष्ट फोडणाऱ्यांच्या कामातून प्रोपिओनिक जास्त. म्हणजे फॅट आणि लिटर यांचा तोल या दोन टोळ्यांच्या तोलावर चालतो.

यातली तंतू पचवणारी टोळी हळवी आहे. कोटीपोटाचा सामू, म्हणजे पीएच (आंबटपणा वाढला की हा आकडा उतरतो), 6 च्या वर असेपर्यंत ती नीट काम करते, त्याखाली तिचं काम मंदावतं. पिष्ट फोडणारे जिवाणू आंबट वातावरणातही तग धरतात. मक्याचा भरडा, गव्हाचं पीठ, गोळी पेंड असं काही एकदम पोटात गेलं की ते त्याच्यावर तुटून पडतात आणि काही तासांत आम्लाचा पूर येतो. दिवसातले तीन तास किंवा त्याहून जास्त सामू 5.6 च्या खाली राहू लागला की त्याला आम्ही सुप्त ॲसिडोसिस म्हणतो. सुप्त, कारण गाय आजारी दिसत नाही. ती खाते, दूध देते, फक्त एखाद दिवशी चारा सोडते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाते. शेण पातळ होतं, फॅट उतरते. दोन-चार महिन्यांनी ती मागच्या पायांनी जपून चालायला लागते, खुरांना सूज येते, आणि तोपर्यंत त्याचा पेंडीशी काही संबंध असेल हे कोणाच्या ध्यानीमनीही राहिलेलं नसतं. कोटीपोटाचा आतला पडदा आम्लानं सोलवटला की तिथून जंतू रक्तात शिरतात आणि यकृतात गळवं होतात. ती बाहेरून कधीच दिसत नाहीत.

या आम्लावर गायीजवळ स्वतःचं औषध आहे, ते म्हणजे लाळ. धट्टीकट्टी दुभती गाय दिवसाला 100 लिटरच्या वर लाळ गाळते, आणि त्या लाळेतून किलोच्या हिशेबात सोडा कोटीपोटात उतरतो. आपण पेंडीत 100-150 ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळतो तो यापुढे किती, याचा विचार करा. तो द्यावा, उपयोग होतो, पण खरा कारखाना गायीच्या तोंडात आहे आणि तो रवंथावर चालतो. गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते, एकेक घास पन्नास-साठ वेळा चावते. तिला रवंथ करायला लावतो तो चाऱ्यातला लांब, टोचणारा तंतू. पेंड काही मिनिटांत गिळली जाते, तिला ना धड लाळ सुटते ना तिचा रवंथ होतो.

आता आपल्या गोठ्यातली पहाट बघा. संकलन केंद्र सकाळी सहाला उघडतं, म्हणून धार साडेचार-पाचला. गव्हाण रात्री आठ-नऊलाच रिकामी झालेली. गाय सात-आठ तास उपाशी, रवंथ करायलाही पोटात फारसं काही उरलेलं नाही. अशा वेळी ती धारेला उभी राहावी म्हणून पहिलं काय पुढ्यात येतं? आंबोण, म्हणजे भिजवलेली पेंड. पंधरा-सोळा लिटरच्या गायीला दिवसाची साडेसहा-सात किलो पेंड लागते असं धरलं, तर निम्मी म्हणजे सव्वातीन-साडेतीन किलो ती त्या पंधरा मिनिटांत खाऊन मोकळी होते. मग दूध केंद्रावर जातं, पोरांचं आवरून होतं, आणि चारा पडतो आठ वाजता. संध्याकाळी पुन्हा तेच. एका वेळेला अडीच-तीन किलोच्या वर पेंड देऊ नये आणि तिच्या आधी थोडा तरी चारा पोटात असावा, हे आमच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. पण शेतकऱ्याचं घड्याळ दूध केंद्राच्या घड्याळाला बांधलेलं आहे, आणि गायीच्या पोटातले जिवाणू शेतकऱ्याच्या घड्याळाला.

गायीला तिच्या मर्जीवर सोडलं, पुढ्यात चोवीस तास चारा असला, तर ती दिवसातून आठ-दहा वेळा थोडं थोडं खाते. प्रत्येक वेळी थोडं आम्ल, मग रवंथ, मग लाळ. सामू थोडा उतरतो आणि परत चढतो. आपण तिला दोन वेळच्या जेवणावर आणलं. तेवढीच पेंड, तोच चारा, पण दिवसातून दोनदा खोल दरी. या दरीत तंतू पचवणाऱ्यांची संख्या घटते आणि मग उत्तम मुरघासही अर्धामुर्धा पचून शेणात येतो. पेंडीचे पैसे गेले आणि मुरघासाचेही.

मध्यंतरी एका मुक्त गोठ्यात, म्हणजे गायी न बांधता मोकळ्या ठेवतात अशा गोठ्यात, फॅट 3.1 टक्क्यांवर अडकली म्हणून मला बोलावलं होतं. घरातल्या वहिनींनी माझ्यासमोरच मुरघास, कडबाकुट्टी आणि पेंड गव्हाणीत कालवली, चांगली हातानं वरखाली करून. चुकीचं काहीच नव्हतं. मग गायी सोडल्या. सगळ्यात दांडगी गाय मधोमध आली, तिनं तोंड खुपसून डावीउजवीकडे दोन झटके दिले, चाऱ्यात खळगा पाडला आणि तळाशी उतरलेली पेंड आणि मक्याचे दाणे जिभेनं पुसून घ्यायला लागली. कडब्याची बोटभर लांबीची धाटं ओठांनी बाजूला सारत होती. खळगा संपला की दुसरा. अर्ध्या तासात गव्हाणीच्या मधल्या भागाचा तळ धुतल्यासारखा चकचकीत झाला होता आणि वर नुसती धाटं. पहिल्या वेताची एक कालवड मागे उभी होती. तिला तोंड घालायला जागा मिळाली तेव्हा पुढ्यात धाटंच उरली होती. वहिनी म्हणाल्या, "डॉक्टर, चारा तर शिल्लकच आहे की. पोटं भरली त्यांची."

मी दोघींचं शेण बघितलं. दांडगीचं पातळ, वर फेसाचे बुडबुडे, त्यात मक्याचे पिवळे तुकडे तसेच. कालवडीचं घट्ट, थरावर थर बसलेलं. एक गव्हाण, एकच कालवण, आणि दोघींच्या पोटात दोन वेगळे आहार. एकीला आम्लाचा त्रास, दुसरीला उपासमार. संघाच्या यंत्रावर दोघींचं दूध एकाच कॅनमधून जातं आणि आकडा येतो 3.1.

हे निवडून खाणं जगभर अभ्यासलं गेलंय. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात ट्रेव्हर डीव्रीज यांच्या गटानं गायींच्या खाण्याच्या सवयींवर वर्षानुवर्षं काम केलंय आणि लांब तंतू टाळून दाणे वेचणाऱ्या गायींच्या दुधात फॅट उतरते हे दाखवलंय. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात तर चारा चाळून बघायला एकावर एक बसणाऱ्या चाळण्यांचा संचच वापरतात. वरच्या चाळणीची भोकं 19 मिलिमीटरची, तिच्याखाली 8 ची. सकाळी टाकलेला चारा आणि दुपारी उरलेला चारा दोन्ही चाळले की गायीनं काय वेचलं ते हातात येतं. आपल्याकडे लोहाराकडून असा एक संच करून घेणं अवघड नाही. प्रत्येक तालुक्याच्या पशुवैद्यकीय पथकाजवळ तो असावा, ही माझी पहिली मागणी समजा.

आणि उपाय? बहुतेक फुकटचे. कुट्टी इंच-सव्वा इंचाच्या आत ठेवली की गायीला धाटं बाजूला सारता येत नाहीत. पण पार भुगाही करायचा नाही, कारण मग रवंथच होत नाही. काही गोठ्यांत कुट्टी यंत्राची पाती इतकी जवळ लावलेली असतात की चारा नुसता चुरा होतो. कोरडं कालवण असेल तर वरून पाणी शिंपडलं की पेंड धाटाला चिकटते. दिवसातून चार-पाच वेळा चारा परत गव्हाणीच्या कडेला ओढला की गाय उठून येते आणि थोडं खाते. दर गायीमागे दोन-अडीच फूट गव्हाण हवी. पहिल्या वेताच्या गायी जमल्यास वेगळ्या बांधाव्यात. त्या घरी एवढंच केलं. पेंड किलोनंही वाढवली नाही. उलट धारेच्या वेळची निम्मी केली आणि उरलेली दुपारच्या व रात्रीच्या चाऱ्यात कालवली. फॅट लगेच वर आली नाही, येणारही नव्हती. तिसऱ्या आठवड्यात आली.

हे तीन आठवडे का लागतात ते संचालकांनी समजून घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण शेतकरी चौथ्या दिवशी कंटाळून पुन्हा पेंड वाढवतो आणि सगळं मुसळ केरात जातं. सरकी, मका, सोयाबीन यांत जे तेल असतं ते कोटीपोटातले जिवाणू घट्ट चरबीत बदलतात. सामू नीट असला तर हे काम एका वाटेनं होतं. सामू उतरला की जिवाणूंचा मेळ बदलतो, वाट बदलते, आणि मध्येच एक वेगळं स्निग्धाम्ल (चरबीचा एक घटक) तयार होतं, ते रक्तातून कासेपर्यंत जाऊन तिथलं फॅट बनवण्याचं कामच आवरतं घेतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डेल बाउमन यांच्या गटानं 2000 साली हे स्निग्धाम्ल गायींच्या चौथ्या पोटात दिवसाला फक्त 10 ग्रॅम सोडलं, तर चार दिवसांत दुधातली फॅट 40 टक्क्यांहून जास्त घसरली. दहा ग्रॅम! म्हणजे फॅट कमी होते ती माल कमी पडल्यामुळेच असं नाही. गायीच्या शरीरात फॅट बनवू नको असा निरोप फिरत असतो. अशा वेळी वरून सरकी आणि पेंड वाढवणं म्हणजे आगीत तेल ओतणं. आणि जिवाणूंचा मेळ पूर्ववत होऊन तो निरोप थांबायला दोन-अडीच आठवडे जातातच.

यातूनच आपल्या केंद्रांवरच्या एका फार वाईट प्रथेचा विषय निघतो. फॅट घसरली की शेतकऱ्याकडे संशयानं बघितलं जातं, पाणी घातलं असेल म्हणून. माणसं चारचौघांत अपमान गिळून घरी जातात, हे मी ऐकलेलं आहे. पाणी घातलं तर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, दोन्ही खाली येतात. कोटीपोट बिघडलं तर फॅट एकटी उतरते, एसएनएफ बहुधा जागेवर राहतं. दुधातलं प्रोटीन मोजणारं यंत्र असेल तर आणखी सोपं: फॅट प्रोटीनच्याही खाली गेली की गायीच्या पोटाकडे बघायचं. प्रत्येक शेतकऱ्याचे दिवसातून दोनदा, वर्षाचे 365 दिवस आकडे आपल्या संगणकात पडलेले आहेत. इतकी माहिती देशातल्या कोणत्याही संशोधन केंद्राकडे नसेल. ती फक्त बिल काढायला वापरली जाते. ज्या सभासदाची फॅट आठवडाभरात तीन-चार पॉइंटनं (म्हणजे 0.3-0.4 नं) उतरली आणि एसएनएफ टिकलं, त्याच्या गोठ्यावर दोन दिवसांत माणूस पाठवा. भाव कापायला नको, गव्हाण बघायला.

फॅट कमी होण्याची बाकीची कारणं मी नाकारत नाही. होल्स्टीनच्या रक्ताचा भाग वाढला की फॅट मुळातच कमी राहते, व्यायल्यावर दूध भर धरतं तेव्हा ती उतरते, शेवटच्या धारा कासेत सोडल्या तरी उतरते, कारण फॅट त्या धारांतच जास्त असते. उन्हाळ्याचं तर विचारूच नका. एप्रिल-मेमध्ये सोलापूर, नगर, बीडकडे दुपारी गाय धापा टाकते, लाळ तोंडावाटे जमिनीवर गळते आणि पोटात जायचा सोडा मातीत जातो. दिवसभर ती खात नाही, संध्याकाळी गार झालं की एकदम तुटून पडते. म्हणून त्या दिवसांत निम्म्याहून जास्त चारा रात्री आणि पहाटे टाकावा, आणि पाणी पुढ्यात कायम असावं. यातही मुद्दा पुन्हा खाण्याच्या वेळेचाच येतो.

लग्नसराईत उरलेला भात, पुऱ्या, चपात्या टोपलीभर गायीपुढे टाकल्या जातात, तेव्हा मात्र काहीच सुप्त राहत नाही. लॅक्टिक आम्लाचा लोट येतो, गाय दिवसभरात खाली बसते आणि पुष्कळदा उठत नाही. मायेनं दिलेल्या घासानं गाय जाते. प्रत्येक संकलन केंद्रावर या एका गोष्टीचा फलक फेब्रुवारी ते जून लावलात तरी काही गायी वाचतील.

आता जे सरळ आपल्या हातात आहे त्याबद्दल. आपण विकता त्या पेंडीचं सूत्र. कच्च्या मालाचे भाव हलले की पेंडीतला माल बदलतो. मका महाग झाला की दुसरं काही येतं, सरकी महाग झाली की आणखी काही. धंदा आहे, मान्य. पण पोत्यावरचं नाव तेच, रंग तोच, आणि शेतकऱ्याला कळतं कसं? गायी दोन दिवस नाक मुरडतात आणि आठव्या दिवशी फॅट पडते. आमच्या भागात हे झालेलं आहे आणि एकाच आठवड्यात मला अपचनाच्या गायींसाठी गावोगाव धावावं लागलंय. कोणाचं नाव घ्यायचं नाही. पण कोटीपोटातले जिवाणू नव्या खाद्याला रुळायला दोन ते तीन आठवडे घेतात आणि आतल्या पडद्यावरचे बोटांसारखे अंकुर, जे आम्लं शोषून घेतात, ते वाढायला त्याहून जास्त. गाय नुकती व्यालेली असेल तर हा बदल तिला सोसतच नाही. म्हणून सूत्र बदलणार असाल तर पंधरा दिवस आधी केंद्रावर पाटी लावा, पोत्यावर तारीख टाका आणि जुनी-नवी पोती मिसळून द्यायची सोय करा. याला पैसे लागत नाहीत.

याच ओघात एक गोष्ट सांगायची राहू नये. 2010 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये पॉल वायमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गायींच्या कोटीपोटातला जवळजवळ सगळा माल काढून एकीचा दुसरीच्या पोटात भरला. सामू आणि आम्लं एका दिवसातच ज्या त्या गायीच्या मूळ पातळीवर आली, आणि काही आठवड्यांत जिवाणूंचा मेळही बऱ्याच अंशी पहिल्यासारखा झाला. म्हणजे जिवाणू बाहेरून आणून टाकले तरी ते टिकतील की नाही हे गायच ठरवते. ती किती चावते, लाळ किती गाळते, खाद्य पोटात किती वेळ राहतं, असं सगळं त्यात येत असावं असं मला वाटतं. हे मला महत्त्वाचं वाटतं ते यासाठी की हल्ली पचनाच्या पावडरी आणि जिवाणूंच्या पुड्या केंद्रांवर धडाक्यात विकल्या जातात. त्यांतल्या काहींचा, विशेषतः यीस्टचा, उपयोग होतो, मी स्वतः लिहून देतो. पण रात्रभर गव्हाण रिकामी ठेवायची, पहाटे साडेतीन किलो पेंड एकदम ओतायची आणि वर पुडी टाकायची, याला उपचार म्हणत नाहीत.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं राष्ट्रीय दुग्ध योजनेच्या पहिल्या टप्प्यात संतुलित आहाराचा कार्यक्रम गावोगाव नेला. गायीचं वजन, दूध, घरात उपलब्ध चारा संगणकात भरायचा आणि कमी खर्चाचा आहार काढून द्यायचा. फार चांगलं काम होतं, गावातलीच शिकलेली मुलंमुली ते करायची. त्यात एकच भर घालावी असं मला मनापासून वाटतं. आहाराचा कागद दिला की त्या मुलीनं तासभर गोठ्यात बसून बघावं: चारा किती वाजता पडतो, आधी काय पडतं, कोण कोणाला ढकलतं, निवांत बसलेल्या गायींत किती रवंथ करताहेत. निम्म्याहून कमी करत असतील तर काहीतरी बिघडलंय. मूठभर शेण चाळणीत घेऊन नळाखाली धुवावं; दाणे दिसले, चिकट कातडीसारखे पापुद्रे दिसले, तर पिष्ट कोटीपोटातून निसटून मोठ्या आतड्यात आंबतंय आणि तिथला पडदा सोलला जातोय असं समजावं. याला प्रयोगशाळा लागत नाही. नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाची मुंबईपासून शिरवळपर्यंत महाविद्यालयं आहेत, त्यांच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना असे गोठे हवेच असतात. बोलावून तर बघा.

आणि प्रशिक्षणं. आपण ती संघाच्या सभागृहात, सकाळी अकराला घेता. चहा-नाश्ता होतो, फेटे बांधले जातात, समोर दोनशे पुरुष बसलेले असतात. गोठ्यात आंबोण कालवणारी, वैरण टाकणारी, कोणती गाय आज जरा गप्प आहे हे सगळ्यात आधी ओळखणारी बाई त्या वेळी गोठ्यातच असते. तिला कोणी बोलावत नाही आणि बोलावलं तरी अकरा वाजता तिला निघता येत नाही. दुपारी दोन ते चार, तिच्याच वस्तीवर, एखाद्या गोठ्यातच प्रशिक्षण घ्या. वहिनींना मी शेणातले मक्याचे तुकडे दाखवले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "मग हे मला आधी कोणी का नाही सांगितलं?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ते आपण द्यायचं आहे, कारण त्यांच्या दुधाचे पैसे आपण कापले होते.

3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ या दोन आकड्यांभोवती आपलं सगळं अर्थकारण फिरतं. 2024 मध्ये सरकारनं गायीच्या दुधाला लिटरमागे अनुदान दिलं तेही याच प्रतीवर बेतून. तो निकष बरोबर की चूक हा वाद मी इथे घालत नाही. निकष लावायचाच असेल तर तो गाठायला गायीच्या पोटात काय चालायला हवं हे सांगण्याची जबाबदारीही निकष लावणाऱ्याची आहे. पेंड विकून ती पूर्ण होत नाही. ज्याच्या हातात कपात आहे त्याच्याच हातात पोती आहेत, म्हणून तर ही जबाबदारी दुप्पट होते.

आपल्या वार्षिक सभा सप्टेंबरपर्यंत होतील. त्याआधी एवढं करून बघा: फॅट सातत्यानं कमी लागणारी दहा गावं निवडा, तिथे तीन महिने पेंडीचं प्रमाण आहे तेच ठेवा आणि फक्त खाण्याच्या वेळा बदला. पहाटे आधी मूठभर का होईना कडबा, मग आंबोण. पेंड चार वेळांत विभागून चाऱ्यात कालवलेली. रात्री झोपायच्या आधी गव्हाण भरलेली. फॅटचे आकडे आपल्याच यंत्रावर येतील, माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. ते सभेत वाचून दाखवा, चांगले असोत की वाईट.

माझ्या तालुक्यातली गावं निवडलीत तर त्या फिरतीला मी येईन, मानधन नको. एकच अट आहे: निघायचं पहाटे चारला, कारण त्या पहिल्या धारेच्या वेळी गव्हाणीत काय पडतं ते नंतर कोणाला विचारून कळत नाही.

आपला,
संकरित गायींच्या पट्ट्यातला एक पशुवैद्यक